सवलतीचा सौदा, ग्राहकाची नीती आणि वस्तूंचा मोह

प्रस्तावना

व्यापारातील नीतीची चर्चा निघाली की आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा दुकानदार उभा असतो. इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात कर्तव्यबुद्धी आणि व्यवहारी शहाणपण यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी घेतलेले उदाहरणही दुकानदाराचेच आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला, अगदी लहान मुलालाही, जादा दर लावीत नाही. परंतु तो असे प्रामाणिकपणाच्या ओढीने करतो की धंद्याची पत टिकावी म्हणून करतो, असा कांटचा प्रश्न होता. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हेतूची चौकशी मात्र त्या उदाहरणात नाही.

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीचा रोखही स्वाभाविकपणे याच दिशेने राहिला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ मध्ये केंद्राचा ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि २०१९ च्या नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. वजनातील मारामारी, भेसळ आणि फसव्या जाहिराती यांविरुद्ध लढणाऱ्या चळवळीने ग्राहकाला दुर्बळ पक्ष मानणे योग्यच होते. तथापि या मांडणीचा एक दुष्परिणाम असा झाला की ग्राहकाच्या हातूनही अन्याय होऊ शकतो, हा विचार अभ्यासक्रमात आणि चर्चासत्रांत फारसा शिरला नाही. 'चोखंदळ ग्राहक' हा गौरवाचा शब्द ठरला आणि चोखंदळपणा कोठे संपून लबाडी कोठे सुरू होते, हे विचारण्याचे राहून गेले.

सवलत, कूपन, 'एकावर एक फुकट', पहिल्या खरेदीवरील सूट, विनाशुल्क परतावा या साधनांनी हा प्रश्न आता रोजचा केला आहे. त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. देऊ केलेली वस्तू या किमतीला घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे काय, हा पहिला. ती वस्तू त्याला हवी आहे काय, हा दुसरा. सवलतीच्या सौद्याची मोहिनी अशी की तो या दोन प्रश्नांची सरमिसळ करून टाकतो. प्रस्तुत लेखात प्रथम ते वेगळे करून पाहिले आहेत आणि नंतर ते एकमेकांत कसे मिसळतात याचा विचार केला आहे.

चुकलेली किंमत

पहिला प्रश्न सिंगापूरमधील एका खटल्यात फार स्वच्छ रूपात पुढे आला. जानेवारी २००३ मध्ये 'डिजिलँडमॉल' या संगणकीय साहित्य विकणाऱ्या संकेतस्थळावर एका लेसर प्रिंटरची किंमत ३,८५४ सिंगापूर डॉलरऐवजी ६६ डॉलर अशी झळकली. नव्या दरपत्रकाच्या नमुन्यावर प्रशिक्षण चालू असताना सरावासाठी भरलेले आकडे एका कर्मचाऱ्याकडून अनवधानाने प्रत्यक्ष संकेतस्थळावर चढले होते. चूक लक्षात येण्यापूर्वी ७८४ व्यक्तींनी मिळून ४,०८६ प्रिंटरांची मागणी नोंदविली. त्यांपैकी सहा जण एकमेकांचे स्नेही होते आणि त्यांत वकिलीचे शिक्षण घेतलेलेही होते. १३ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर त्यांनी एकमेकांना संदेश धाडून ही बातमी पोहोचविली आणि पहाट होण्यापूर्वी सहा जणांच्या मिळून १,६०६ प्रिंटरांच्या मागण्या नोंदल्या गेल्या. त्यांना द्यावी लागणारी रक्कम होती १,०५,९९६ डॉलर. मालाचे खरे मूल्य होते ६१,८९,५२४ डॉलर. संगणकाने प्रत्येक मागणीला आपोआप स्वीकृतीचा संदेश पाठविला होता. विक्रेत्याने माल देण्यास नकार दिल्यावर सहाही जण न्यायालयात गेले.

२००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. मागणी आणि स्वीकृती यांचा बाह्य आकार पूर्ण असला तरी समोरच्याची चूक ठाऊक असताना तिच्यावर झडप घालणाऱ्यास करार उभा करता येत नाही, हे त्याचे सार होय. इंग्लंडमध्ये १९३९ मध्ये सशाच्या कातड्यांच्या एका सौद्यात हेच तत्त्व लागू झाले होते; तेथे विक्रेत्याने दर नगाऐवजी दर पौंडावर किंमत लिहिली होती आणि त्या धंद्यातील कोणाही माणसाला ती चूक दिसली असती.

या निकालातील विचारप्रक्रिया निकालापेक्षाही उद्बोधक आहे. खरेदीदारांचे म्हणणे होते की त्यांना चूक असल्याचे ठाऊक नव्हते. न्यायालयाने त्यांच्या अंतःकरणात डोकावण्याचा दावा केला नाही. त्यांची कृती पाहिली. इतर संकेतस्थळांवर त्याच यंत्राचा दर काय आहे याचा शोध, पुनर्विक्रीतून होणाऱ्या नफ्याची चर्चा, रात्रीची घाई आणि मागणीची संख्या या सर्वांनी साक्ष दिली. कोणत्याही घराला वा लहान कचेरीला शेकडो प्रिंटर लागत नाहीत. एखाद्याने जुना साठा मोकळा करण्याची विक्री चालू आहे असे समजून एकच यंत्र मागविले असते, तर त्याच्याविषयी असेच म्हणता आले असते काय? कदाचित नाही. म्हणजे 'अधिकार आहे काय' हे ठरविताना 'गरज किती' हा दुसरा प्रश्न पुराव्याच्या रूपाने न्यायालयात येऊन बसला होता.

भारतीय कायद्याची शब्दरचना येथे ग्राहकाला काहीशी सोयीची वाटू शकते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करण्याजोगा ठरत नाही, आणि कलम १७ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे निव्वळ मौन म्हणजे कपट नव्हे. अर्थात संकेतस्थळे आपल्या अटींत 'माल रवाना झाल्यावरच करार पूर्ण होईल' अशी तजवीज बहुधा करून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात चुकलेल्या किमतीची मागणी मुकाट्याने रद्द होते. पण कायदा गप्प राहतो तेथे नीतीलाही सुटी मिळते, असे मानण्याचे कारण नाही.

सज्जन आणि शहाणा

खरेदीदाराच्या नीतीचा विचार प्राचीनांनी केला नव्हता असे नाही. तो मागे पडला इतकेच. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटावरील धान्याच्या व्यापाऱ्याचे सुप्रसिद्ध कोडे आहे. दुष्काळात पहिले जहाज घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याने मागून आणखी जहाजे येत आहेत हे गिऱ्हाइकांना सांगावे काय, असा तो प्रश्न. वाणिज्य शाखेच्या व्याख्यानांत हे कोडे अधूनमधून भेटते. त्याच भागात थोडे पुढे येणारी स्काव्होला याची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. त्याला एक शेत विकत घ्यावयाचे होते. त्याने मालकाला एकच अंतिम किंमत सांगण्यास सांगितले. मालकाने ती सांगितली. त्यावर स्काव्होला म्हणाला की त्याच्या मते शेताचे मोल याहून अधिक आहे, आणि त्याने मागितलेल्या किमतीवर एक लाख सेस्टर्स जास्त दिले.

सिसेरोची यावरील टिप्पणी मार्मिक आहे. हे सज्जनाचे कृत्य होते हे कोणी नाकारत नाही. ते शहाण्याचे होते हे मात्र लोक नाकारतात, असे तो नोंदवितो. दोन हजार वर्षांनंतरही बाजारपेठेतील भाषा नेमकी याच जागी अडखळते. दुकानदाराकडून चुकून जास्त माल आला आणि तो परत केला, तर घरात त्या माणसाला चांगला म्हणतील. हुशार म्हणणार नाहीत.

संत ऑगस्टीन यानेही आपल्या एका ग्रंथात अशा माणसाचा उल्लेख केला आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकावयास आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते. घेणाऱ्याने अनपेक्षितपणे त्याला योग्य किंमत दिली. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने यालाच नियमाचे रूप दिले: विकणारा अज्ञानाने सोने तांबे समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची असून भरपाई करण्याचे बंधन घेणाऱ्यावर आहे. सिंगापूरचे न्यायाधीश वेगळ्या मार्गाने फारसे दूर नसलेल्या ठिकाणी पोहोचले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

विक्रेत्याने स्वतःच लावलेला सापळा

तरीही प्रत्येक मोठ्या लाभामागे ग्राहकाचा अपराध शोधणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमधील हूवर कंपनीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १९९२ मध्ये या कंपनीने १०० पौंडांची खरेदी करणाऱ्यास युरोपातील दोन परतीची विमान तिकिटे आणि पुढे अमेरिकेची दोन परतीची तिकिटे देऊ केली. तिकिटांचे मोल यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट होते. हिशेब असा होता की बहुसंख्य ग्राहक अर्ज, मुदती, तारखांची अदलाबदल यांच्या जंजाळात कंटाळून दावा सोडून देतील आणि उरलेल्यांना विकल्या जाणाऱ्या अन्य प्रवाससेवांतून खर्च निघेल. ग्राहक कंटाळले नाहीत. लोकांनी केवळ तिकिटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेतले. अनेक यंत्रे न वापरता जुन्या बाजारात आली. सुमारे २ लाख २० हजार लोकांनी प्रवास केला, कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा भुर्दंड पडला आणि न्यायालयांतील दावे १९९८ पर्यंत चालले.

येथे कोणी कोणाचा गैरफायदा घेतला? ग्राहकांनी जाहीर केलेल्या अटी पाळल्या होत्या. किंमत चुकून छापली गेली नव्हती. ती विचारपूर्वक ठरविली होती, आणि त्या विचारात ग्राहकाच्या विसरभोळेपणाची नफ्याच्या बाजूला नोंद होती. मुदत ओलांडलेली कूपने, न वापरलेले गुण, भरावयाचा राहून गेलेला परताव्याचा अर्ज यांवर अनेक योजना आजही तगून असतात. अशा योजनेत जो विसरत नाही त्याला लोभी म्हणणे हे सापळा लावणाऱ्याने न अडकलेल्या प्राण्याला दोष देण्यासारखे आहे.

तेव्हा भेद लाभाच्या आकारात नाही. विक्रेत्याच्या संमतीत आहे. विक्रेत्याने समजून उमजून देऊ केलेले घेणे ही खरेदी होय. त्याच्या चुकीतून गळलेले, चूक ठाऊक असताना उचलणे ही खरेदी नव्हे. आणि अट खोटी पाडून घेणे, म्हणजे 'पहिल्या खरेदीची' सूट मिळावी म्हणून घरातील प्रत्येकाच्या नावे आणि शेवटी नसलेल्या माणसांच्या नावेही खाती उघडणे, हे तर साध्या मराठीत खोटे बोलणे आहे. यंत्रासमोर बोललेले खोटे हे खोटेच असते, एवढे मान्य करावयास सुशिक्षितांना जड का जावे हे कळत नाही.

वापरून परत केलेल्या कपड्यांचा प्रश्नही याच जातीचा. समारंभापुरता पोशाख मागवावयाचा, किमतीची चिठ्ठी आत दुमडून तो अंगावर घालावयाचा आणि मुदतीच्या आत 'पसंत नाही' म्हणून परत करावयाचा, ही युक्ती अर्वाचीन वाटते. परंतु धर्मशास्त्रकारांनी खरेदीनंतरच्या पश्चात्तापाला 'क्रयविक्रयानुशय' असे नाव देऊन अठरा विवादपदांत त्याला स्थान दिले होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याची किंवा घेण्याची मुभा आहे, आणि ती घेणारा व विकणारा या दोघांनाही आहे. नारदस्मृती अधिक काटेकोर आहे. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत करता येते. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. वापरून मळलेले, चुरगळलेले वस्त्र तर मुळात सदोष असले तरी विक्रेत्याकडे परत जात नाही, असेही तेथे सांगितले आहे. या नियमावरून दिसते की ही युक्ती तेव्हाच्या कापडविक्यालाही अपरिचित नसावी.

स्वस्ताईची गोडी

आता दुसरा प्रश्न. ग्राहकाने सर्व अटी प्रामाणिकपणे पाळल्या, कोणालाही फसविले नाही. तरीही घरी आलेल्या वस्तूंचे काय? रिचर्ड थेलर याने १९८५ मध्ये मांडलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. त्याच्या मते खरेदीतून ग्राहकाला दोन प्रकारचे समाधान मिळते. एक वस्तूच्या उपयोगाचे. दुसरे सौदा चांगला झाल्याचे. दुसरे समाधान दिलेली किंमत आणि मनात गृहीत धरलेली किंमत यांतील अंतरावर अवलंबून असते. त्याने दिलेल्या उदाहरणात समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या माणसासाठी मित्र थंडगार बिअरची बाटली आणावयास निघतो. ती बड्या हॉटेलातून आणावयाची असेल तर लोक २.६५ डॉलर देण्यास तयार होते, लहानशा जुनाट दुकानातून आणावयाची असेल तर १.५० डॉलर. बाटली तीच, तहान तीच.

या विश्लेषणाचा पुढचा टप्पा असा की दुसरे समाधान पहिल्याशिवायही मिळू शकते. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेतल्याचा आनंद हा खरा आनंद असतो. तो वस्तूचा नसल्यामुळे वस्तू घरी आल्यावर टिकत नाही, आणि म्हणून पुढच्या सौद्याची वाट पाहावी लागते. भारतात या आनंदाला छापील किमतीचा आधार मिळाला. १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आली. दुकानदाराने अधिक घेऊ नये म्हणून योजलेली ही मर्यादा कालांतराने सवलत मोजण्याची पट्टी बनली. संरक्षणासाठी छापलेला आकडा आता काट मारून दाखविण्यासाठी उपयोगी पडतो, हा या नियमाचा अनपेक्षित वारसा म्हणावा लागेल.

फुकट या शब्दाची ताकद तर वेगळीच आहे. क्रिस्टिना शाम्पान्येर, नीना मझार आणि डॅन एरिअली यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उंची चॉकलेट १५ सेंटला आणि एक साधे चॉकलेट १ सेंटला ठेवले, तेव्हा बहुसंख्यांनी उंची चॉकलेट निवडले. दोन्ही किमती एकेक सेंटने उतरविल्या, म्हणजे १४ सेंट आणि फुकट, तेव्हा बहुसंख्य साध्या चॉकलेटकडे वळले. किमतींतील अंतर जराही बदलले नव्हते. 'फुकट ते पौष्टिक' ही मराठी म्हण ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. तो प्रयोगाने सिद्ध करता येतो याचे कदाचित वाटेल.

२६ जानेवारी २००६ रोजी 'बिग बझार'ने 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा अनेक ठिकाणी गर्दी आवरेनाशी होऊन दारे बंद करण्याची पाळी आली. पुढील वर्षांत तो एक दिवस लांबत जाऊन अनेक दिवसांचा झाला. ती दुकाने २०२२ मध्ये बंद झाली. परंतु सणाआधीच्या खरेदीचा तोच उन्माद त्यापूर्वीच मोबाईलच्या पडद्यावर स्थलांतरित झाला होता. तेथे दार बंद करावे लागत नाही आणि गर्दीत शेजारच्याची टोपलीही दिसत नाही. 'दोनच नग शिल्लक', 'सवलत दहा मिनिटांत संपेल' अशा खोट्या घाईला केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या रचनांपैकी एक म्हणून नोंदविले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ज्या दिवशी घाई खरी असते, साठा खरोखरच दोनच नगांचा असतो, त्या दिवशी ग्राहकाला त्या सूचनांचा काहीही उपयोग नाही.

येरवड्यातील व्याख्या

वस्तुमोहावरची भारतीय चर्चा बहुधा अपरिग्रहापाशी सुरू होते. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन स्वतंत्र यम आहेत. चोरी न करणे हे एक, संचय न करणे हे दुसरे. या लेखातील दोन प्रश्नही त्याच क्रमाने येतात. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत व्रतांचे विवेचन करताना या दोहोंमधील भिंत पाडली. दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीने घेतली, तरी तिची खरी गरज नसेल तर तीही चोरीच होय, असा त्यांचा आशय आहे.

ही व्याख्या प्रथमदर्शनी अतिरेकी वाटते. कायद्याला तिच्याशी काही देणेघेणे असू शकत नाही, कारण संमती हाच कायद्याचा आधार आहे. हूवरच्या ग्राहकांना निर्दोष ठरविताना वर जो युक्तिवाद केला तोही संमतीवरच उभा आहे. आणि तरीही न वापरता जुन्या बाजारात आलेल्या त्या व्हॅक्यूम क्लीनरांचा ढीग डोळ्यांसमोर आणला तर संमतीच्या पलीकडे काहीतरी उरते. त्या यंत्रांत लोखंड, तांबे, प्लास्टिक आणि माणसांचे श्रम होते. ती कोणालाच नको होती. घेणाऱ्याला नको होती आणि एका अर्थाने विकणाऱ्यालाही, कारण त्याला फक्त विक्रीचा आकडा हवा होता. दोन संमत पक्षांमध्ये वस्तू पूर्णपणे अदृश्य झाली होती. त्या ढिगाला कायदा कोणतेही नाव देत नाही. गांधीजींच्या व्याख्येत त्याला नाव आहे.

एक गंमत अशी की अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्याच्या जन्मदिवशीच खादीवरील सवलत सुरू होण्याचा प्रघात पडला आणि २ ऑक्टोबरनंतर खादी भांडारांत रांगा लागू लागल्या. त्या रांगांतील सर्वांनाच कापडाची गरज असते असे म्हणणे धाडसाचे होईल. खादी विणणाऱ्याला त्यातून काम मिळते हे मात्र तितकेच खरे आहे, आणि या मुद्द्यावर गांधीजींच्या व्याख्येची धार काहीशी बोथट होते. गरजेपुरतेच घेणाऱ्यांच्या समाजात विणकराचे घर कसे चालावे, याचे सोपे उत्तर अपरिग्रहाच्या पुरस्कर्त्यांकडे नाही.

स्वस्ताई आणि संयम यांचे वैर अटळ आहे असेही नाही. मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण पद्धतीत कुटुंबांचे लहान संघ महिन्याच्या गरजेची यादी आधी भरून देतात, एकत्रित मागणीनुसार माल खरेदी होतो आणि वाटला जातो. दर कमी पडतो, पण यादी दराच्या आधी तयार झालेली असते. सवलतीच्या सौद्यात क्रम उलटा असतो: दर आधी दिसतो आणि त्यातून यादी तयार होते. किमतीतील बचत दोन्हीकडे सारखी असूनही घरात येणारे सामान सारखे नसते.

मोह आणि लबाडी यांचे नाते

हे दोन प्रश्न एकमेकांशी खरोखर जोडलेले आहेत काय, याची तपासणी ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांनी केली आहे. जेम्स मन्सी आणि स्कॉट व्हिटेल यांनी १९९२ मध्ये ग्राहकनीती मोजणारी एक श्रेणी तयार केली. तीत ग्राहकांच्या शंकास्पद कृतींचे चार गट पडतात: उघड बेकायदा लाभ, विक्रेत्याच्या चुकीतून गप्प राहून मिळविलेला लाभ, बेकायदा नसलेली पण फसवी कृती, आणि कोणाचे फारसे नुकसान न करणारे वर्तन. मुदत संपलेले कूपन वापरणे, न घेतलेल्या वस्तूचे कूपन वटविणे, जास्त आलेले सुटे पैसे न सांगता खिशात टाकणे अशी विधाने तीत आहेत. लोक स्वतः केलेल्या लबाडीपेक्षा आयत्या चालून आलेल्या लाभाकडे अधिक सौम्यपणे पाहतात, असे या प्रकारच्या अभ्यासांत आढळले. मन्सी यांनीच १९९८ मध्ये जॅकलिन ईस्टमन यांच्यासह ही श्रेणी आणि वस्तुमोह मोजणारी श्रेणी एकत्र वापरून अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पाहणी केली. ज्यांचा वस्तुमोह अधिक, त्यांची ग्राहक म्हणून नीतीची पातळी खालची, असा संबंध त्यात दिसला.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. संबंध म्हणजे कारण नव्हे. मोहामुळे लबाडी सुचते की लबाडीने स्वस्तात मिळालेल्या वस्तूंमुळे मोह वाढतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. सौद्याच्या आनंदाचे वर केलेले विश्लेषण लक्षात घेता दोन्ही दिशांनी प्रवास होत असावा असे वाटते. जिंकल्याची भावना हाच खरेदीचा गाभा झाला की विक्रेता हा प्रतिस्पर्धी ठरतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा घेणे हा खेळाचा नियमच असतो. क्रिकेटमध्ये सुटलेला झेल परत करावयाचा नसतो.

याच ठिकाणी सर्वांत प्रचलित समर्थन पुढे येते: कंपनी मोठी आहे, ती स्वतः ग्राहकाला नाडते, शंभर रुपयांनी तिचे काय बिघडते? या युक्तिवादातील पहिली दोन विधाने पुष्कळदा खरी असतात. तिसऱ्या विधानात मात्र कंपनी आणि काउंटरवरचा माणूस यांची गल्लत आहे. जास्त आलेले सुटे पैसे गल्ल्यातून आलेले असतात आणि गल्ल्याचा हिशेब रोज रात्री एका व्यक्तीला द्यावा लागतो. नोकराच्या दुर्लक्षामुळे त्याच्या ताब्यातील मालाची किंवा रकमेची तूट आली तर ती त्याच्या पगारातून कापून घेण्यास १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मुभा दिली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही अशी तरतूद आहे. कपातीपूर्वी नोकराला कारण दाखविण्याची संधी द्यावयाची असते. पण पाचशेची नोट शंभराची समजून दिली याचे तो कोणते कारण दाखविणार?

सिंगापूरच्या खटल्यातही प्रिंटरची किंमत बदलणारा हात एका कर्मचाऱ्याचा होता. निकालपत्रांत साठ लाख डॉलरांच्या मालाचा, संदेशांच्या वेळांचा आणि करारविषयक तत्त्वांचा बारकाईने ऊहापोह आहे. त्या रात्री संगणकापुढे बसून मागण्या नोंदविणाऱ्या सहा मित्रांनी नफ्याची आकडेमोड केली होती. सकाळी त्या कर्मचाऱ्याला कामावर आल्यावर काय ऐकावे लागेल, हे त्या आकडेमोडीत कोठे बसते, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आणि मन्सी व व्हिटेल यांच्या श्रेणीतही त्यासाठी वेगळा रकाना नाही.